बारा बिटांचं मनगट

आठ बिटांत

आई पडली. हात सुजला. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. भाऊ सगळ्यांचं भलं बघतो. मी सगळ्यांशी भांडते. संपलं.

अशी सांगितली की गोष्ट कुठेही उघडते. कुणाचं अडत नाही, कुणी तक्रार करत नाही. मला ती अशी सांगायची नाही.

शीर्ष वाचत आहे

आई शिवणकाम करते. मागच्या खोलीत तिचं मशीन, भिंतीला लावलेली फळी, फळीवर अस्तराचे गठ्ठे. त्यातला एक काढायला ती स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. डाव्या हातात कात्री होती. कात्री आपटली तर धार जाते, म्हणून तिने ती सोडली नाही आणि सगळा भार उजव्या तळव्यावर घेतला. धार वाचली.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज आली. मी आणि भाऊ तिला हाडांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो टेबलावरच्या स्क्रीनवर उघडला, मोठा केला, उजळ केला, गडद केला.

"हाड शाबूत आहे. लचक आहे नुसती. पट्टी बांधा आणि हात चालता ठेवा, नाहीतर आखडेल."

चालता ठेवा म्हटल्यावर आई खूश. भाऊ तर तिथेच तिच्या कानाशी लागला, "आई, माहितीये का, तुझा हात आत्ता आमच्याच कोडातून दिसला त्यांना."

"तुझं कोड बरं दिसतंय," आई म्हणाली. "हात कधी बरा दिसणार ते विचार."

सूज उतरली. दुखणं उतरलं नाही. शाळेच्या सदऱ्यांना काजं करताना तिच्या बोटांतून सुई पडायला लागली. आईच्या हातून सुई पडलेली मी जन्मात पाहिली नव्हती. पट्टी बदलायला गेलो तेव्हा तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी अंगठ्याच्या खालच्या खळग्यात बोट दाबलं आणि आई खुर्चीतून अर्धी उठली.

"इथे एक चिमुकलं हाड असतं," बाई म्हणाल्या. "एकाच बाजूने रक्त मिळतं त्याला. तडा गेला आणि हात चालू ठेवला, तर पलीकडचं अर्धं हाड मरतं. मग अंगठा कामातून गेलाच. पण तुमच्या फोटोत तडा नाहीये ना? मग झालं तर."

मी दवाखान्यातून फोटोची मूळ फाइल मागून घेतली. ती म्हणजे काय असते ते मला माहीत आहे. माझं काम तेच आहे.

प्रकार ओळखत आहे

मी आणि भाऊ मिळून एक लायब्ररी चालवतो. पुस्तकांची नव्हे. चित्राची फाइल आत घातली की रंगांचे ठिपके बाहेर देणारा कोड. उघडा आहे, फुकट आहे, कुणीही घ्यावा आणि आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवावा. कोणी कोणी बसवलाय हे आम्हालाही पुरतं ठाऊक नसतं.

चित्रांच्या फाइलींचं असं असतं की आडनाव एक आणि गुण निराळे. जेपेग म्हटलं की लोकांना वाटतं एकच प्रकार. नेहमीच्या जेपेगमध्ये एका ठिपक्याला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दोनशे छप्पन्न छटा असतात. त्याला आठ बिट म्हणतात. एक्स-रेच्या यंत्रातून येतं तेही जेपेगच, पण त्याचे बिट बारा आणि छटा चार हजार शहाण्णव. आमच्या लायब्ररीला बारा येत नाही. कधीच येत नव्हतं. म्हणून मी अगदी सुरुवातीला लिहून ठेवलं होतं की बारा दिसले की थांबायचं. चित्र द्यायचं नाही. "हा प्रकार मला उघडता येत नाही" एवढं सांगायचं आणि गप्प बसायचं.

यासाठी मला नन्नाचा पाढा म्हणतात. आमच्या तक्रारींच्या पानावर अजून सापडेल:

दुसऱ्यांचं उघडतं, तुमचंच का नाही?

काहीतरी दाखवा ना. एवढं बारीक कोण बघतंय?

मालकीणबाईंना आज नाही म्हणायचंय वाटतं.

फुकट देता म्हणजे उपकार करता का?

या लोकांना उत्तरं द्यायचं काम भावाकडे. मी दिली तर चावते, असं त्याचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. भावाला घरात होयबा म्हणतात. एकाच दुपारी तीन घरी जेवायला येतो म्हणून सांगून बसलेला आणि तिन्ही घरी खरोखर जेवलेला माणूस आहे तो.

आवृत्ती अनोळखी. पुढे जात आहे.

आईची फाइल मी आमच्याच लायब्ररीला दिली. ती नाही म्हणेल आणि मग मी दुसरा मार्ग शोधेन, असं धरून चालले होते; भाऊ दवाखान्यात आईच्या कानाशी म्हणाला ते मी नुसती फुशारकी समजले होते.

ती उघडली.

पांढरं, नीटनेटकं, गुळगुळीत मनगट. तडा कुठेही नाही. डॉक्टरांनी पाहिलं ते हेच.

मला भीती वाटली नाही. आधी राग आला, इतका की मी उठून खिडकी लावली, कारण तोंडातून काय निघेल याचा भरवसा नव्हता. ज्या कुलपाची किल्ली आम्ही कधी केलीच नाही ते कुलूप उघडून कोणीतरी मला आतलं घर दाखवत होतं, आणि ते घर खोटं होतं.

बदल शोधायला वेळ लागला नाही. दहा-बारा ओळी. भावाच्या नावावर. बारा बिट दिसले तर थांबू नकोस, प्रत्येक ठिपक्याचे खालचे चार बिट काप, उरलेले आठ दे, आणि वर सांग की काम यशस्वी झालं.

चार बिट कापले म्हणजे शेजारशेजारच्या सोळा छटांची एकच छटा होते. केसाएवढा तडा हाडाहून किती गडद असतो? सोळा छटांच्या आतच बसत असेल तर तो नुसता पुसट होत नाही, तो जातो. डॉक्टरांनी स्क्रीन कितीही उजळ-गडद केला तरी नसलेली रेघ कुठून येणार?

बदलासोबत चाचणी जोडलेली होती. जोडावीच लागते. तिच्यात लिहिलं होतं: रुंदी बरोबर आहे का, उंची बरोबर आहे का, चित्र रिकामं तर नाही. अशा परीक्षेत समोरची भिंतसुद्धा पास होईल.

आणि आमच्याकडे नियम आहे. आपला बदल आपण मंजूर करायचा नाही, दुसऱ्याने वाचून करायचा. दुसरा म्हणजे मी किंवा आमचा तिसरा भागीदार, ज्याचं तोंड आम्ही कधी पाहिलेलं नाही. तो कशावरही एक शब्द लिहीत नाही, फक्त अंगठ्याचं चिन्ह टाकतो. त्याला आम्ही अंगठेबहाद्दर म्हणतो. मी त्या सुमारास दुसऱ्याच एका रंगांच्या घोळात अडकले होते. अंगठेबहाद्दराचा अंगठा पडला आणि आवृत्ती बाहेर गेली.

दोन प्रवाह एकत्र करत आहे

भाऊ दुपारी आला. मागच्या खोलीत मशीन चालू होतं. मी त्याला स्वयंपाकघरात घेतलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"हे तू केलंस?"

"कुठलं? हां, बारा बिटांचं. हो. अगं ताई, किती मागे लागले होते सगळे. ते दवाखान्याचं सॉफ्टवेअर बनवणारे तर रोज लिहायचे. पेशंटसमोर एरर येते, लोक घाबरतात."

"घाबरू दे की."

"तू म्हणतेस. तू नाही म्हणून दार लावून घेतेस. दाराबाहेर मी उभा असतो, शिव्या खात."

"म्हणून तू दार उघडून आत भिंतीवर चित्र काढून ठेवलंस."

"सगळेच काही एक्स-रेवाले नसतात. एका बाईंनी लिहिलं होतं, नवरा गेला, त्याचा जुना स्कॅन केलेला फोटो उघडत नाही. तो बाराचाच होता. तिला मी काय सांगायचं होतं? तिला नवऱ्याचा चेहरा हवा होता. खालच्या चार बिटांचं तिला काय करायचंय?"

हे मला सोपं गेलं नाही. त्या बाईंना मी खरोखर दारातून परत पाठवलं असतं.

"तिला विचारायचं," मी म्हणाले. "बारीकसारीक जाईल, चालेल का, असं. ती हो म्हणाली असती. डॉक्टर नाही म्हणाले असते. तू दोघांनाही विचारलं नाहीस. तू सांगितलंस की काम यशस्वी झालं."

"वॉर्निंग टाकलीये मी."

"कुठे?"

"लॉगमध्ये. प्रोग्रॅमच्या नोंदवहीत."

"लॉग चालू असतो?"

त्याने ओट्यावरचा कप उचलला, पुन्हा तिथेच ठेवला. "मुद्दाम चालू करावा लागतो."

"म्हणजे आग लागली हे तू कपाटात डोकं घालून सांगितलंस."

"ताई, तू फार..."

यानंतर मी जे बोलले ते इथे बसत नाही. त्याच्या जागी सौम्य शब्द घालून वाक्य पुढे रेटणार नाही. जागा मोकळी सोडते.

.

.

मशीन थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली, उजवा हात डाव्या हातात धरून.

"काय चाललंय? कुणाचं काय गेलं?"

"आई, तू मशीनवर बसू नकोस. हात हलवू नकोस."

"डॉक्टर म्हणाले चालता ठेवा."

"डॉक्टरांना आम्ही खोटं दाखवलं."

आईने भावाकडे पाहिलं. भाऊ फरशीकडे बघत होता. ती स्टुलावर बसली आणि तिने हात ओट्यावर ठेवला, जसं शिवायचं कापड ठेवावं तसा, सपाट.

खालचे चार बिट

बारा बिट नीट वाचणारा तुकडा मी त्यांच्यासमोरच लिहिला. देखणा नव्हता, फक्त या एका फाइलीपुरता होता आणि बैलगाडीच्या वेगाने चालत होता. चित्र ओळीओळीने खाली उतरत गेलं. बोटं आली. तळवा आला. मनगटाची ती बारकी हाडं आली, ओंजळभर खडे असावेत तशी. अंगठ्याखालच्या हाडाभोवती मी छटांमधला फरक ताणून वाढवला.

एक रेघ होती. आडवी, वाकडी, केसाएवढी.

भाऊ वाकून स्क्रीनजवळ आला.

"तडाच असेल कशावरून?" तो म्हणाला. आवाज अगदी बारीक.

"मला काय माहीत? मी डॉक्टर नाही. म्हणून मी डॉक्टरांच्या वाटचं कापून ठेवत नाही."

"हे जमतंय तर हेच लायब्ररीत टाकू ना. बारा येतं म्हणून सांगू."

"टाकू. निरनिराळ्या यंत्रांच्या फाइली गोळा करू, तपासू, मग टाकू. तोवर नाही येत. आत्ताच्या आत्ता बाहेर जाईल ते एवढंच, की नाही येत."

"आपोआप नवी आवृत्ती उचलतात ते दवाखान्याच्या सॉफ्टवेअरवाले. उद्या सकाळी दवाखान्यादवाखान्यांत स्क्रीन कोरे होतील."

"होऊ देत."

"लोक फाडून खातील आपल्याला."

"आपल्याला खाऊ देत. त्यांच्या मनगटांना नको."

आईने जुन्या पॅटर्नचा जाड पुठ्ठा मागितला. मी तो तिच्या अंगठ्याला आणि मनगटाला धरून बांधला. मी गाठ मारत असताना ती भावाला म्हणाली, "लहानपणी तू पाव्हण्यांना पोट भरलं म्हणायचास आणि मग भुकेने रडायचास. मला वाटलं होतं, मोठा झालास."

ओळी मी बदलल्या. जुनी थांबण्याची जागा परत आणली. चाचणी उलटी केली: बारा बिटांची फाइल दिल्यावर चित्र आलं तर नापास. आता मंजुरी हवी होती. अंगठेबहाद्दर जागा असावा, कारण त्याचा हिरवा दिवा दिसत होता. त्याच्याकडे पाठवलं असतं तर पाणी प्यायला जाऊन येईपर्यंत अंगठा पडला असता.

"त्याला नको," मी म्हणाले. "तू वाच."

"मी काय वाचू? तुझं बरोबरच असणार."

"हेच. हेच बंद कर. वाच. मोठ्याने."

त्याने वाचलं. प्रत्येक ओळ. आई ऐकत बसली, तिला त्यातलं काही कळत नसताना. मध्येच तो थांबला. "इथे सोळा बिटांचं राहिलंय. सोळा आलं तर आपण अजूनही पुढेच जातोय."

माझ्याकडून राहिलं होतं. मी दुरुस्त केलं. त्याने मंजूर केलं.

आवृत्तीसोबतचा मजकूर तो लिहायला बसला. पहिलं वाक्य: "या आवृत्तीत काही सुधारणा केल्या आहेत." मी काही बोलायच्या आत त्याने स्वतःच खोडलं. मग लिहिलं: "मागच्या आवृत्तीने बारा बिटांची चित्रं चुकीची दाखवली आणि बरोबर असल्याचं सांगितलं. ती पाहून घेतलेले निर्णय पुन्हा तपासा. चूक माझी आहे." खाली आपलं नाव टाकलं. माझा राग कमी झाला नाही. पण त्याचं वाक्य मी बदललं नाही.

समर्थित नाही

सकाळी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती. खिडकीमागच्या रिसेप्शनच्या बाई फोन खांद्याने कानाला दाबून बोलत होत्या. "अहो, एकही फोटो उघडत नाहीये. एकही. कालपर्यंत चालू होतं ना. हो, तेच येतंय, हा प्रकार मला उघडता येत नाही. मला म्हणजे कुणाला?"

बाकावर हात गळ्यात अडकवलेले, पाय प्लास्टरमध्ये असलेले लोक. एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, "ही सगळी कॉम्प्युटरवाली फुकटी पोरं. काम येत नाही, आणि वर तोंड करून सांगतात, येत नाही म्हणून." शेजारी म्हणाला, "निदान सांगतात तरी. आमचा गवंडी सांगतसुद्धा नाही." दोघे हसले. मी लॅपटॉप पोटाशी धरून उभी होते. आई पुठ्ठा बांधलेला हात मांडीवर ठेवून त्यांच्या समोरच बसली होती.

डॉक्टर बाहेर आले. "काय झालंय नक्की? कंपनीवाले म्हणतात, कुठल्या तरी लायब्ररीचा घोळ आहे. कोण आहेत ही माणसं?"

भाऊ उभा राहिला. "आम्ही."

सगळी खोली वळली.

"बरं झालं भेटलात," डॉक्टर म्हणाले. "मग चालू करून द्या. तात्पुरतं, कालच्यासारखं. माझे पेशंट खोळंबलेत."

भावाच्या तोंडावर मला ते होय दिसलं. ओठांपर्यंत आलेलं. समोर डॉक्टर, बाजूने वीसएक माणसं, सगळ्यांना एकच हवं होतं आणि ते देणं त्याच्या हातात होतं.

"नाही," तो म्हणाला. आवाज फाटला. "कालच्यासारखं नाही करता येणार. काल चुकीचं दिसत होतं."

"म्हणजे?"

मी लॅपटॉप उघडून रेघ दाखवली. डॉक्टरांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि सरळ झाले. चेहरा लालबुंद.

"तुमच्या घरी लिहिलेल्या प्रोग्रॅमवरून मी निदान करू? काल तुमच्याच कोडाने म्हणे खोटं दाखवलं. आज हे खरं कशावरून?"

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "करू नका. यंत्राच्या खोलीत यंत्राचा स्वतःचा स्क्रीन आहे. त्यात आमचं काही नाही. तिथे बघा."

ते गेले. आई त्यांच्या मागे गेली, तिच्या मागे आम्ही. अंधाऱ्या खोलीत एक्स-रे काढणाऱ्याने आईचा फोटो लावला. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले.

"मोडलाय की नाही ते एकदा सांगा," आई म्हणाली. "म्हणजे कुणावर ओरडायचं ते मला ठरवता येईल."

"तडा आहे."

"आणि अर्धं हाड मरतं म्हणतात ते?"

डॉक्टर तिच्याकडे वळले. "ते आज सांगता येणार नाही मला. प्लास्टर घालतो. रक्त पोचतंय का ते पुढच्या फोटोंत कळेल. आधी घातलं असतं तर शक्यता जास्त होती, एवढं नक्की."

आई काही ओरडली नाही. तिने पुठ्ठ्याची गाठ दाताने सोडवली आणि हात पुढे केला. मला वाटलं होतं तिने ओरडल्यावर माझं थोडं हलकं होईल. झालं नाही. एवढ्या लोकांचा एवढा राग त्या इमारतीत साठला होता आणि त्यातला एक थेंबही त्या हाडाच्या उपयोगाचा नव्हता.

"ती आवृत्ती लागल्यापासूनचे सगळे फोटो काढा," डॉक्टर एक्स-रे काढणाऱ्याला म्हणाले. "इथेच बघू. सगळे."

"डॉक्टर, पुष्कळ असतील."

"असू देत."

भाऊ खोलीत नव्हता. मी दार ढकलून बाहेर पाहिलं. तो बाकांमधून फिरत होता, प्रत्येकापुढे वाकून विचारत होता, तुमचा फोटो मध्यंतरी इथेच काढला होता का, तुम्हाला काही नाही म्हणून घरी पाठवलं होतं का. रिसेप्शनच्या बाई त्याला खाली बसायला सांगत होत्या. मघाचे ते गृहस्थ उठून त्याच्या अंगावर ओरडत होते. तो त्यांचं ऐकून घेत होता आणि त्यांचं झालं की त्यांनाही तेच विचारत होता.